सूचनापेटीत निघाल्या तीन चिठ्ठ्या: कामगारांना निर्णयात घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

मायक्रॉन (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात आमच्या शॉपमधली सूचनापेटी सात महिन्यांनी उघडली. किल्ली शोधण्यातच अर्धा तास गेला. आत तीन चिठ्ठ्या होत्या. एक कोरी. एकीवर नुसतं 'ग्राइंडिंगजवळचा पंखा'. तो बंद आहे, हलवायचाय की नवा हवाय, देव जाणे. तिसरीवर लिहिलं होतं, 'मागच्या चिठ्ठीचं काय झालं?'

मागची चिठ्ठी कोणाकडेच नाही.

आता वरून फर्मान आलंय: महिन्याभरात एका लाइनवर कामगारांचा सुधारणा गट सुरू करा. मी क्वालिटीत आहे, त्यामुळे घोंगडं माझ्या गळ्यात. काम टाळायचं नाहीये, उलट मला हे मनापासून करायचंय. कारण सांगतो.

आमच्याकडे बोअर मशिनिंगची (धातूच्या पीसमध्ये नेमक्या मापाचं भोक कोरायची) लाइन आहे, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, २५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). मध्यंतरी दोन महिने रिजेक्शनने नुसता वैताग आणला होता. आम्ही पाच इंजिनीअर मीटिंग रूममध्ये बसून माशाच्या काट्याची आकृती (दोषाची संभाव्य कारणं काट्यासारखी मांडायची) भरत होतो. इन्सर्ट (कापणारी पाती) बदलून पाहिले, कूलंटचं प्रमाण तपासलं, मटेरियलच्या लॉटवर संशय घेतला. एक गोष्ट मात्र कोणाच्या गळी उतरत नव्हती. तिसऱ्या पाळीत, ठरावीक एका मशीनवर, रिजेक्शन जवळपास शून्य. यावर आमचा निष्कर्ष काय, तर रात्री खराब पीस लपवतात.

शेवटी एका रात्री मी स्वतः थांबलो. जेवणाची सुट्टी झाली, एकेक मशीन बंद होत गेलं. एक सोडून. ऑपरेटर हात धुवून जेवायला निघून गेला आणि त्याचं मशीन चक, म्हणजे पीस पकडायचा जबडा, रिकामा असताना आपलं गरगर फिरतंय. परत आल्यावर विचारलं तर म्हणाला, "साहेब, थंड झालं की पहिले वीसेक पीस माप धरत नाही. म्हणून फिरतं ठेवतो."

"मग दिवसपाळीत का नाही करत?"

"दिवसा मशीन रिकामं फिरताना दिसलं की वीज फुकट घालवली म्हणून मेमो मिळतो. मला मिळालाय एकदा."

पोलादाचा मीटरभर दांडा एका अंशाने तापला की साधारण ११-१२ मायक्रॉनने लांबतो. बॉल स्क्रू (मशीनचा भाग पुढेमागे सरकवणारा पोलादी स्क्रू) सुट्टीत पाच-सहा अंशांनी निवला की २५ मायक्रॉनच्या टॉलरन्सचं काय होणार, हे गणित मी कॉलेजात सोडवलेलं आहे. दोन महिन्यांत एकदाही आठवलं नाही. त्या माणसाला ते चार वर्षं ठाऊक होतं, आणि त्याला ते न सांगण्याची सवय आम्हीच लावली होती.

गंमत म्हणजे ती माशाच्या काट्याची आकृती काओरू इशिकावांची. १९६२ मध्ये जपानमध्ये क्वालिटी सर्कल, म्हणजे कामगारांचे सुधारणा गट, सुरू झाली त्यामागे तेच होते, आणि शॉपवरच्या माणसालाही वापरता येतील अशी साधी साधनं हवीत हा त्यांचाच आग्रह. आम्ही ती आकृती शॉपवर नेलीच नाही.

तर प्रश्न असा. गट काढला, पहिली मीटिंग बोलावली, आठ जण येऊन बसले. पुढे काय? माझा अनुभव सांगतो की सगळे बुटांकडे बघत बसतील. ज्यांनी असं काही चालवलंय, किंवा अशा मीटिंगांत बुटांकडे बघत बसलेत, त्यांनी लिहा.

---

वाचनमात्र

'मागच्या चिठ्ठीचं काय झालं?' फ्रेम करून लावा ती.

---

लेथवाला

बुटांकडे बघणाऱ्यांपैकी मी. सतरा वर्षं मशीनवर आहे, म्हणून लिहितो.

लोक बोलत का नाहीत याचं साहेब लोकांना फार कोडं पडतं. अहो, आम्ही एकदा बोललेलो असतो. माझं उदाहरण घ्या. जॉब, म्हणजे घडवायचा पीस, चकमध्ये बसवताना तो दोनदा फिरवून धरावा लागायचा. मी रॉडचा एक तुकडा घासून स्टॉपर बनवला. त्यावर टेकवला की जॉब एकाच वेळी बरोबर बसतो. प्रत्येक पीसमागे १८ सेकंद वाचले. मी खुशीत सुपरवायझरला दाखवलं. त्यांनाही आनंद झाला, वर सांगितलं, फोटो काढले. पुढच्या महिन्यात टार्गेट वाढलं. माझंच नाही, तिन्ही पाळ्यांचं.

बाकीचे दोघे ऑपरेटर माझ्याशी किती दिवस बोलले नसतील, सांगा.

तेव्हापासून माझ्याकडे युक्त्या आहेत, पण त्या माझ्या कपाटात. वाचलेल्या वेळात मी जरा पाठ सरळ करतो, गेज नीट पुसून ठेवतो. तुमच्या रात्रीच्या ऑपरेटरनेही तेच केलं ना? चांगलं काम लपूनछपून.

तुम्ही विचारलंत पुढे काय. पहिल्या मीटिंगमध्ये हे सांगा: वाचलेल्या वेळाचं काय होणार? याचं उत्तर नसेल तर मीटिंग बोलवू नका.

---

मायक्रॉन

@लेथवाला, टोचलं, पण पटलं. वाचलेल्या वेळाचं काय, हा प्रश्न आमच्या वरच्या मीटिंगमध्ये कोणी काढलाच नाही. तिथे सगळी चर्चा गटाला नाव काय द्यायचं यावर.

---

मनुष्यबळ

मी एचआर विभागात आहे. धागा चांगला आहे. आमच्याकडे 'महिन्याची उत्तम सूचना' अशी योजना आहे, रोख बक्षीस आणि प्रमाणपत्र देतो, नोटीस बोर्डवर फोटो लागतो. पहिल्या तीन महिन्यांत भरपूर सूचना आल्या, नंतर ओघ आटला हे खरं. बक्षिसाची रक्कम वाढवावी का, या विचारात आहोत. कोणाचा अनुभव?

---

लेथवाला

@मनुष्यबळ मॅडम/सर, राग मानू नका. ज्याचा फोटो लागतो त्याला सुचलेलं असतं शेजारच्यामुळे. दोघे मिळून खटपट करतात, फॉर्मवर नाव एकाचं. मग पुढच्या वेळी शेजारचा मदत करत नाही. बक्षीस वाढवलंत तर भांडण वाढेल एवढंच.

---

जुना फिटर

निवृत्त आहे, वेळ भरपूर, त्यामुळे लांबण लावतोय. सांभाळून घ्या.

बक्षिसावरून आठवलं. अमेरिकेत जोसेफ स्कॅनलन म्हणून एक पोलाद कारखान्यातला कामगार होता, युनियनचा स्थानिक अध्यक्ष. १९३० च्या दशकातल्या मंदीत कारखाना बुडायला आला तेव्हा त्याने मालक आणि कामगार मिळून खर्च कमी करायची पद्धत बसवली. पुढे ती 'स्कॅनलन प्लॅन' म्हणून ओळखली गेली आणि तो स्वतः एमआयटीत शिकवायला गेला. त्यातली मेख अशी की सूचना देणाऱ्याला वेगळं काही मिळायचं नाही. मजुरीच्या खर्चात जी बचत होईल तिचा वाटा ठरलेल्या सूत्राने सगळ्यांना. त्यामुळे शेजाऱ्याला सुचलेलं आपल्याही फायद्याचं. लेथवाल्यांचे दोघे सोबती त्यांच्याशी बोलत राहिले असते.

आता मूळ प्रश्नाकडे. मीटिंग रूममध्ये बोलावूच नका. खुर्चीवर बसवलं, समोर पाण्याची बाटली ठेवली, की फिटर माणूस अवघडतो. त्याच्या मशीनपाशी जा, तो हाताने दाखवतो. त्याचं ज्ञान हातात असतं, तोंडाने सांगता येईलच असं नाही. मी चाळीस वर्षं बेअरिंगचा आवाज ऐकत आलो, स्क्रूड्रायव्हरचं एक टोक हाउसिंगवर आणि दुसरं कानाच्या हाडाला लावून. कोणतं बेअरिंग आठवड्याभरात जाणार ते सांगू शकायचो. 'कसं ओळखलंत?' असा रकाना फॉर्मवर असता तर मी कोराच ठेवला असता.

दुसरं, नवीन टेबल, रॅक, फिक्स्चर काही करायचं असेल तर आधी पुठ्ठ्याचं करा. खराखुरा, त्याच उंचीचा, चिकटपट्टी लावून. दोन दिवस त्यावर काम करू द्या. आमच्याकडे एकदा असेंब्लीचं टेबल ड्रॉइंगवरून थेट वेल्डिंगला गेलं. टेबल आलं तेव्हा ड्रॉवर गुडघ्याला लागत होता. बसणाऱ्या माणसाला विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. नंतर टेबल कापवत नव्हतं, कारण त्यावर खर्च झालेला! माणसंच तिरकी बसू लागली. पुठ्ठ्यावर मात्र सगळे बिनधास्त पेनने रेघा मारतात, ब्लेडने कापतात.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. थोडासा खर्च करायची मुभा गटाला स्वतःला द्या. एक हुक, एक स्प्रिंग, पत्र्याचा तुकडा एवढ्यासाठी चार सह्या लागत असतील तर सुधारणा गट वगैरे विसरा. आमच्या एका मॅनेजरने साधी गोष्ट केली होती. भंगाराच्या यार्डाची आणि एका छोट्या वेल्डिंग सेटची किल्ली गटाकडे दिली. म्हणाला, जे जमेल ते तुम्हीच करा, फक्त गार्ड आणि विजेच्या वायरला हात लावण्याआधी मला बोलवा. वर्षभरात शॉप ओळखू येईना. मॅनेजर बदलला, किल्ली परत मागितली गेली, आणि दोन महिन्यांत सगळं पूर्ववत.

---

आकडेमोड

जरा उलटी बाजू मांडतो. 'लोकांना विचारलं आणि उत्पादन वाढलं' छापाच्या गोष्टी खूप ऐकल्यात. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले १९२४ ते १९३२ चे प्रयोग घ्या. प्रकाश वाढवला तरी काम वाढलं, कमी केला तरी वाढलं, म्हणून सगळ्यांनी निष्कर्ष काढला की लक्ष दिलं की माणूस खुलतो. पुढे त्याच आकड्यांची फेरतपासणी झाली तेव्हा तो निष्कर्ष बराच डळमळीत निघाला. तेव्हा सावध असावं.

तरी मला पटलेला एक प्रयोग आहे, १९४८ मध्ये लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी प्रसिद्ध केलेला. व्हर्जिनियातल्या मेरियन इथे पायजमे शिवणारा हारवुडचा कारखाना. बदल अगदी किरकोळ होता. उदाहरणार्थ, इस्त्री करणारे अर्धा-अर्धा डझन कपडे पुठ्ठ्यावर रचायचे, ते आता खोक्यात रचायचे, आणि त्यानुसार नगामागचा दर नव्याने ठरणार. एका गटाला नुसतं बोलावून सांगितलं. एका गटाने प्रतिनिधी पाठवले. दोन गटांत सगळ्यांनाच बदल आखण्यात घेतलं.

नुसतं सांगितलेल्या गटाचं काम घसरलं ते घसरलंच. पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के लोकांनी नोकरी सोडली. सगळ्यांना सामील केलेले गट झटपट पूर्वपदावर आले, पुढे आधीपेक्षा साधारण १४ टक्के वर गेले, आणि त्या ४० दिवसांत एकानेही नोकरी सोडली नाही. यावर कोणी म्हणेल, पहिल्या गटातली माणसंच रडकी असतील. तर अडीच महिन्यांनी त्याच गटातल्या उरलेल्या १३ जणांना पुन्हा नव्या कामावर घेतलं, या वेळी सगळ्यांना सामील करून. तेही भराभर वर गेले. माणसं तीच.

आता सावध करणारी गोष्ट. हाच प्रयोग नॉर्वेतल्या बुटांच्या कारखान्यात केला (१९६० मध्ये प्रसिद्ध झाला). उत्पादनात सांगण्यासारखा फरक दिसला नाही. तिथे कामगारांना ज्या बाबी ठरवायला दिल्या त्यांचा उत्पादनाशी फारसा संबंधच नव्हता. म्हणजे पंख्याचा रंग ठरवायला द्यायचा आणि मग उत्पादन वाढलं का ते मोजायचं, असं होऊ नये.

---

सुपरवायझर बोलतोय

सगळ्यांनी मला व्हिलन केलंय म्हणून खास खातं उघडून लिहितोय.

मेमो मीच देतो. टार्गेटही मीच सांगतो. पण टार्गेट मी ठरवत नाही हो. माझ्याखाली ४० माणसं, तीन लाइन. सकाळी दोन गैरहजर असले की पहिला तास माणसं जुळवण्यात जातो. त्यात क्वालिटीचे साहेब येतात, थेट ऑपरेटरशी बोलतात, सुधारणा करून जातात आणि मला तिसऱ्या दिवशी बोर्डवरून कळतं. मग वर विचारतात, 'तुमच्या लाइनवर हे इतकी वर्षं तुम्हाला कसं दिसलं नाही?' अशाने माझा उत्साह कुठून येणार?

टोयोटाच्या दोरीचं कौतुक सगळे करतात. कामगार दोरी ओढतो आणि लाइन थांबते, व्वा! खरं तर दोरी ओढली की लाइन तिथल्या तिथे थांबत नाही. आधी दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, ठरावीक खुणेपर्यंत गाडी पोचायच्या आत मामला सुटला तर लाइन चालूच राहते. न सुटल्यास थांबते. आणि त्या टीम लीडरकडे माणसं किती? साधारण पाच ते आठ. म्हणून तो धावत येऊ शकतो. माझ्याकडे दोरी लावलीत तर मी एकटा चाळीस दोऱ्यांमागे पळेन.

गट काढायचाय तर जरूर काढा. आधी मला सांगा. आणि लाइनवर एक जादा माणूस द्या, म्हणजे एखादा अर्धा तास बाजूला आला तर लाइन अडणार नाही. 'वेळात वेळ काढून करा' असं म्हणालात तर ते होणार नाही, मी आत्ताच लिहून देतो.

---

जुना फिटर

@सुपरवायझर बोलतोय, तुमचं शंभर टक्के खरं. माझ्या प्रतिसादात तुम्ही यायला हवे होतात, राहून गेलं.

---

युनियन खोलीतून

इतका वेळ वाचत होतो. सगळी चर्चा 'त्यांच्याकडून युक्त्या कशा काढून घ्यायच्या' या अंगाने चाललीय. निर्णय हा शब्द शीर्षकात आहे, पण निर्णय कोण घेणार यावर फिटरकाकांची किल्ली सोडली तर कोणी बोललं नाही.

विचारणं वेगळं, ठरवू देणं वेगळं. जर्मनीत १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना आहेत. (मतं समसमान पडली तर अध्यक्षाला जादा मत असतं आणि अध्यक्ष बहुधा भागधारकांच्या बाजूचा असतो. तरीही.) शॉपच्या पातळीवर तिथे वर्क्स कौन्सिल, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेली समिती, असते, कामाच्या वेळा वगैरे तिच्या संमतीशिवाय बदलता येत नाहीत. तिथे साहेब खुशीत आहेत की नाहीत यावर काही अवलंबून नसतं. फिटरकाकांची किल्ली मॅनेजरसोबत गेली ती याचसाठी: दिलेली मुभा होती, हक्क नव्हता.

आणि लेथवाल्यांच्या प्रश्नाचं उत्तर एका कारखान्यात दिलं गेलेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. गैरहजेरी, तक्रारी, कामबंद, सगळ्यासाठी बदनाम. १९८४ मध्ये टोयोटासोबत भागीदारीत तोच कारखाना नुमी या नावाने सुरू झाला. कामगार बहुतेक तेच, युनियन तीच. गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास असायची, ती दोन-तीन टक्क्यांवर आली. लोक दोरीची गोष्ट सांगतात. मी करारातली सांगतो. तिथे नोकरीच्या सुरक्षिततेची हमी लेखी होती, माणसं कमी करण्याआधी व्यवस्थापनाचे पगार कापणं, बाहेर दिलेलं काम परत आत आणणं वगैरे करून पाहण्याची. १९८८ मध्ये गाड्यांची मागणी पडली तेव्हा कोणालाही घरी पाठवलं नाही, जादा माणसांना प्रशिक्षण आणि सुधारणेच्या कामाला लावलं. त्यानंतर लोकांनी विश्वास ठेवला. आधी नव्हे.

---

पॅकिंग टेबल

मी ठेकेदाराकडून आहे. आमच्या कंपनीत असा गट आहे, पण त्यात परमनंट लोकच घेतात. आम्ही शेवटच्या टेबलावर चार बाया, प्रत्येक पीस हातात येतो.

हातमोज्याचं कुठलं बोट आधी फाटतं त्यावरून मला कळतं की बर, म्हणजे कापलेल्या कडेला राहिलेली धारदार कोर, कुठल्या बाजूला आहे. अंगठा फाटला तर ड्रिलिंगकडचा, करंगळीकडून कापला तर मिलिंगकडचा. डिबरिंगचं, म्हणजे बर काढायचं, टूल कधी बोथट झालं तेही कळतं, त्या दिवशी मोज्यांची जोडी जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकत नाही. मोजे जास्त लागतात म्हणून आम्हाला बोलणी बसतात. का लागतात ते कोणी विचारलं नाही.

इथे सगळे मोठे लोक लिहितायत, चुकलं असेल तर माफ करा.

---

आकडेमोड

@पॅकिंग टेबल, चुकलं काहीच नाही. मोज्यांच्या खपाचं रजिस्टर स्टोअरमध्ये असतंच. ते बरच्या रिजेक्शनशेजारी ठेवून बघायचं एवढंच बाकी आहे. या धाग्यावरचा सगळ्यात चांगला डेटा हा.

---

वाचनमात्र

पॅकिंग टेबल यांना +१. वाचनखूण साठवली.

---

मनुष्यबळ

आमच्याही गटात ठेक्यावरचे लोक नाहीत. तसं करण्यात कायदेशीर गुंतागुंत आहे, असं मी लिहिणार होते. मग लक्षात आलं की टेबलापाशी जाऊन मोजे का फाटतात हे विचारायला कुठलाही कायदा आडवा येत नाही.

---

मायक्रॉन

तीन आठवड्यांनी परत येतोय. काय काय झालं ते लिहितो, न झालेलंही.

आधी सुपरवायझरकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जादा माणूस?" तो मिळाला नाही. दर बुधवारी अर्धा तास लाइन बंद ठेवायची, एवढ्यावर तडजोड झाली, आणि तो अर्धा तास त्यांच्या टार्गेटमधून वजा. यासाठी मला वर तीन खेपा घालाव्या लागल्या. नोकरीबद्दल लेखी हमी मागितली, नाही म्हणाले. वाचलेल्या वेळाबद्दल इतकं मिळालं की गटाने सुचवलेल्या सुधारणेमुळे सहा महिने टार्गेट बदलणार नाही. कागदावर, सहीनिशी. @युनियन खोलीतून म्हणतील हे तुटपुंजं आहे. आहेच.

मीटिंग मशीनपाशी घेतली. पहिल्या बुधवारी तो कागद वाचून दाखवला. एकाने हातात घेऊन उलटा करून मागची बाजू पाहिली. बाकी शांतता. मग मी रिकाम्या मशीनचा किस्सा काढला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की तो मेमो चुकीचा होता, फाइलमधून काढून टाकलाय. तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "पंख्याचं पण बघा."

पंखा चालू आहे. पण त्याचा झोत ग्राइंडिंगची धूळ थेट शेजारच्या मोजणीच्या टेबलावर नेतो, आणि तिथे डायल गेज (काट्याचं मोजमापाचं साधन) दर दोन दिवसांनी अडकतो. गेज अडकतो म्हणून आम्ही गेजच्या पुरवठादाराशी वर्षभर भांडतोय.

पंखा त्यांनीच अर्ध्या तासात दुसऱ्या खांबावर नेला. वायरिंगला इलेक्ट्रिशियन बोलावला, फिटरकाकांचा नियम पाळून.

पेटी काढून टाकली. तिच्या जागी फळा आहे, चार रकाने: काय, कोणी बघायचं, कधीपर्यंत, काय झालं. 'नाही' असेल तर शेवटच्या रकान्यात कारणासकट 'नाही' लिहायचं, असं ठरलंय. आत्तापर्यंत अकरा नोंदी, त्यातल्या दोन 'नाही'. पॅकिंगच्या दोघी पुढच्या बुधवारी येतायत.

पहिल्या ओळीवर मी स्वतः लिहिलंय, 'मागची चिठ्ठी'. चौथ्या रकान्यात, 'हरवली. कोणाची होती त्याने कृपया पुन्हा सांगावं.' अजून कोणी आलेलं नाही.

---

लेथवाला

सहा महिने संपले की तारीख टाकून परत लिहा. तोवर माझ्या कपाटाला कुलूपच.